गरोदरपणातील फुगलेल्या शिरा : एका बालरोगतज्ज्ञाची टिपणे

बालरोगतज्ज्ञाने गर्भवती स्त्रीच्या पायांविषयी लिहावे, हे आपल्यापैकी काहींना क्षेत्राबाहेरचे वाटेल. स्मरणिकेच्या संपादकांनी माझ्याकडे बालकांच्या लसीकरणावर लेख मागितला होता. त्या विषयावर मी यापूर्वी दोनदा लिहिले आहे आणि तिसऱ्यांदा लिहून वाचकांचा अंत पाहण्याची इच्छा नव्हती. म्हणून हा विषय मी मागून घेतला. त्याचे खरे कारण पुढे येईलच. स्त्रीरोग आणि शल्यचिकित्सा या शाखांतील मित्रांनी माझ्या लिखाणातील उणिवा निःसंकोच दाखवाव्यात. ही स्मरणिका आपल्या घरची मंडळीही वाचतात, त्यामुळे भाषा शक्यतो सर्वांना कळेल अशी ठेवली आहे.

लालबर्रा हे बालाघाट–सिवनी रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख. भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून १८६७ साली बालाघाट जिल्हा झाला आणि १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे माझ्या दवाखान्यात चिठ्ठी हिंदीत लिहिली जाते, आजी पवारीत बोलते आणि मुलाची समजूत मराठीत घातली जाते. आषाढ-श्रावणात रोवणी सुरू झाली की दवाखाना दिवसभर ओस असतो आणि दिवेलागणीनंतर भरतो. बांधीतून थेट आलेल्या स्त्रिया तापलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसतात. त्यांच्यापैकी एखादी स्वतः सात महिन्यांची गरोदर असते. बोलता बोलता ती लुगड्याचा काठ वर करून पोटरी खाजवते आणि तेथे निळ्या-जांभळ्या दोरखंडांची वेटोळी दिसतात. ती मुलाविषयी बोलत असते. पायाविषयी ती बोलत नाही, आणि अनेक वर्षे मीही तिला विचारले नाही.

हृदय रक्त पायाच्या बोटांपर्यंत ढकलते; परंतु उभ्या माणसाच्या पायातून ते परत वर आणण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. पायात शिरांची दोन जाळी असतात. एक स्नायूंच्या आत खोल, दुसरे कातडीखाली उथळ. या दोहोंना जोडणाऱ्या लहान शिरा असतात आणि सर्वत्र एकाच दिशेने उघडणाऱ्या नाजूक झडपा असतात. पोटरी आवळली की खोल शिरांतील रक्त वर जाते आणि पोटरी सैल पडली की झडपा ते खाली येऊ देत नाहीत. निश्चल उभे असताना घोट्याजवळील शिरेत पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटर इतका दाब असतो. दहा-बारा पावले चालताच तो ३० च्या आसपास उतरतो. झडप गळू लागली की चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. मग उथळ शिर ताणली जाते, ताणल्यामुळे पुढची झडप मिटेनाशी होते आणि हे दुष्टचक्र खाली खाली सरकत जाते. आपण ज्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो त्या याच.

या झडपांचे वैद्यकाच्या इतिहासातील स्थान मोठे आहे. पदुआ येथील शरीररचनेचे अध्यापक फॅब्रिशियस यांनी १६०३ साली शिरांतील झडपांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. मात्र रक्ताचा खालच्या दिशेचा ओघ मंद करणे एवढेच त्यांचे काम असावे, अशी त्यांची समजूत होती. त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने दंडाला पट्टी बांधून, फुगलेल्या शिरेवर बोट फिरवून रक्त केवळ हृदयाच्याच दिशेने जाते हे दाखवून दिले आणि १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला. तो प्रयोग आजही कोणीही स्वतःच्या हातावर करून पाहावा. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ‘सिराग्रंथी’ या नावाने जे वर्णन येते, त्याचा संबंध दुर्बल माणसाने केलेल्या अतिश्रमाशी जोडलेला आहे. रोवणी करणाऱ्या, रक्तक्षय असलेल्या आमच्या गर्भवती पाहिल्या की ते निरीक्षण आठवते.

गर्भारपणात नेमके काय होते? पहिली गोष्ट, प्रोजेस्टेरॉन या अंतःस्रावामुळे शिरांच्या भिंती सैल पडतात. म्हणूनच पुष्कळ स्त्रियांमध्ये शिरा पहिल्या तीन महिन्यांतच दिसू लागतात. तेव्हा गर्भाशय अजून ओटीपोटातच असते. सबब ‘पोटाच्या भाराने शिरा फुगतात’ हे अर्धेच सत्य होय. दुसरी, शरीरातील रक्ताचे आकारमान आठव्या महिन्यापर्यंत ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. तिसरी गोष्ट म्हणजे तो भार. उत्तरार्धात वाढलेले गर्भाशय ओटीपोटातील मोठ्या शिरांवर आणि महाशिरेवर दाब देते. प्रत्येक नव्या गर्भारपणासोबत शिरांचा ताण वाढतो. पहिलटकरणीपेक्षा तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या स्त्रीत त्या अधिक आढळतात, त्या यामुळेच. प्रसूतीनंतर साधारण तीन-चार महिन्यांत बहुतेक शिरा पुष्कळ ओसरतात, पूर्ण नाहीशा होतीलच असे मात्र नाही. त्यामुळे गर्भारपणात शस्त्रक्रिया, लेसर किंवा शिरेत औषध टोचून ती बुजविणे यांची घाई करू नये.

आमच्या भागातील कामाचाही यात वाटा आहे. रोवणीत स्त्री कमरेत वाकून तासन्‌तास उभी राहते. आठव्या महिन्यात अशा वाकण्याने पोट मांड्यांवर दाबले जाते आणि जांघेतून वर जाणाऱ्या रक्ताची वाट आणखी चिंचोळी होते. उलट बिडी वळणाऱ्या स्त्रीचे पाय मुडपलेले, मांडीवर सूप आणि पोटरी दिवसभर निश्चल. शाळेत शिकविणाऱ्या स्त्रियांचीही गत वेगळी नाही. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. चार बाळंतपणे आणि अठ्ठावीस वर्षे फळ्यासमोर उभे राहणे यांनी तिच्या डाव्या पोटरीवर जे उमटवले होते, त्याला ती ‘माझा नकाशा’ म्हणत असे. रात्री ती भिंतीला पाय लावून झोपे. आम्हां मुलांना त्याची गंमत वाटे. एमडीच्या परीक्षेनंतर कधीतरी माझ्या लक्षात आले की तिने आपला उपचार स्वतःच शोधून काढला होता.

मातांचे प्रश्न

एकदा विचारायला आरंभ केल्यावर माता माझ्याशी या विषयावर मोकळेपणाने बोलू लागल्या. बहुधा मी ‘बाळाचा डॉक्टर’ असल्यामुळे. पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : याने पोटातल्या बाळाला काही होईल काय? नाही. पायांतील फुगलेल्या शिरांमुळे गर्भाच्या वाढीवर परिणाम होत नाही. दुसरा प्रश्न : माझ्या मुलीलाही हे होणार का? येथे उत्तर तितके निश्चिंत नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात आई-वडील दोघांनाही हा विकार असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता ९० टक्के आढळली. दोघांपैकी एकाला असल्यास मुलीला ६२ आणि मुलाला २५ टक्के. कोणालाच नसल्यास २० टक्के. मी मातांना आकडे सांगत नाही. मुलगी मोठी झाल्यावर तिचे वजन आणि तिचे उभे राहण्याचे काम यांकडे लक्ष द्या, एवढेच सांगतो.

तिसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो, बहुधा सोबतच्या जावेकडून. काही गर्भवतींना योनिमुखाजवळही अशा शिरा फुगतात. उभे राहिले की जड वाटते आणि लाजेपोटी त्या कोणालाच सांगत नाहीत. या शिरांमुळे नैसर्गिक प्रसूतीस सहसा अडथळा येत नाही आणि केवळ त्यांच्यासाठी सिझेरियन करावे लागत नाही. प्रसूतीनंतर त्या बहुतांशी मावळतात. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना मात्र आधी ठाऊक असलेले बरे.

एका मातेने वर्षाच्या मुलाचा उजवा पाय दाखवून विचारले होते, ‘माझ्याच शिरा याला लागल्या का?’ त्या पायावर जन्मापासून द्राक्षाच्या रंगाचा मोठा डाग होता, बाहेरच्या बाजूस जाड शिरा होत्या आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब व जाडही होता. हा १९०० साली क्लिपेल व त्रेनॉने या फ्रेंच वैद्यांनी वर्णिलेला जन्मजात विकार होता. त्याचा तिच्या गर्भारपणातील शिरांशी काहीही संबंध नव्हता. हे कळल्यावर तिने जो सुस्कारा सोडला, त्यावरून वर्षभर घरात तिला काय ऐकावे लागले असेल याची कल्पना आली.

‘आई : ठीक’

आता मूळ कारणाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, मी ज्या नवजात कक्षात नियमाने जात असे तेथे चौतीस आठवड्यांचे, १६०० ग्रॅम वजनाचे एक बाळ दाखल होते. आईचा रक्तदाब वाढल्यामुळे सिझेरियन करावे लागले होते. ही तिची तिसरी खेप. सातव्या दिवशी तिला प्रसूतिकक्षातून सुटी मिळाली, परंतु बाळाला नव्हती. अशी स्त्री मग कोणाचीच रुग्ण राहत नाही. ती नवजात कक्षाबाहेरच्या बाकावर, पाय खाली सोडून, दर दोन तासांनी दूध काढून देण्याची वाट पाहत बसते. रात्रीही तेथेच मुटकुळे करून पडते. पाणी ती मोजूनमापून पिते. कारण बाळंतिणीने फार पाणी प्यायल्यास बाळाला सर्दी होते, अशी काही घरांतील समजूत आहे.

आठव्या दिवशी तिचा डावा पाय सुजलेला होता. हे मला आज ठाऊक आहे, तेव्हा नव्हते. सासू बाकाखाली बसून मोहाच्या तेलाने तो पाय चोळीत असे. मी रोज त्यांच्यापुढून जात होतो. एकदा सासूबाई आपणहून म्हणाल्याही, ‘टाके हायेत नं जी साहेब, त्याच्यानं पाय भरला तिचा.’ मी मान डोलावली आणि तिला विचारले, ‘बाई, दूध किती निघते?’ बाळाच्या केसपेपरवर आईच्या प्रकृतीसाठी एक रकाना असतो. आठव्या, नवव्या आणि दहाव्या दिवशी त्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिले आहे – ‘आई : ठीक’.

अकराव्या दिवशी पहाटे ती बाकावरून उठताना एकाएकी धापा टाकू लागली. छातीत कळ आली आणि ओठ काळवंडले. पायाच्या खोल शिरेतील रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात गेली होती. सुदैवाने फिजिशियन मित्र इमारतीतच होते. प्राणवायू आणि हेपारिनची पहिली मात्रा तेथेच देऊन तिला रुग्णवाहिकेने नागपूरला पाठविले. ती वाचली. पुढे कळले की गर्भारपणातील तपासणीच्या कार्डावर ‘पाय दुखतात, शिरा’ अशी नोंद होती आणि त्यावर कॅल्शियमच्या गोळ्या दिलेल्या होत्या. परंतु त्या नोंदीला दोष देण्याचा मला अधिकार नाही. ती सहाव्या महिन्यातली होती; माझ्या नोंदी तिघांच्याही डोळ्यांदेखत पाय सुजलेला असतानाच्या होत्या. चोळण्यामुळे गुठळी सुटली काय, हे सिद्ध करता येत नाही. सासूबाईंना मी ते कधी सुचविले नाही.

गर्भारपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती निसर्गतः वाढते, कारण प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव आटोक्यात राहावा लागतो. त्यात शिरांतील रक्त संथ झालेले असते आणि प्रसूतीत किंवा शस्त्रक्रियेत शिरांच्या अस्तराला इजा पोहोचते. व्हिर्शो यांच्या नावाने ओळखले जाणारे तिन्ही घटक अशा रीतीने एकत्र येतात. दर हजार गर्भारपणांत एक ते दोन स्त्रियांना असा त्रास होतो. संख्या लहान वाटते; पण धोका सर्वांत तीव्र असतो तो प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत, म्हणजे नेमका जेव्हा प्रसूतितज्ज्ञाचे लक्ष निवळलेले असते आणि ती स्त्री माझ्यासमोर बाळ घेऊन बसलेली असते. सिझेरियन, जंतुसंसर्ग, स्थूलता, पाणी कमी पडणे, बाजेवर पडून राहणे आणि पूर्वीच्या फुगलेल्या शिरा या सर्वांनी तो वाढतो. आमच्या जिल्ह्यात आणखी एका कारणाची भर घालावी लागते, ते म्हणजे सिकलसेल. सिकलसेलच्या रुग्ण मातेला छातीत किंवा पायात दुखू लागले की ‘नेहमीचा झटका’ समजून वेदनाशामक देण्याचा मोह होतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, तेव्हापासून अनेक स्त्रियांच्या हाती तपासणीचे कार्ड आहे. ते मागून पाहण्यास वेळ लागत नाही.

गर्भारपणाशी निगडित गुठळी बहुतांश वेळा डाव्या पायात होते. उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेला ओलांडून जाते आणि मणक्यावर ती शिर दाबली जाते. मे आणि थर्नर यांनी १९५७ साली या दाबाचे शरीररचनात्मक वर्णन केले. म्हणून ‘फक्त डावा पाय सुजला’ असे ऐकले की कान टवकारावेत. दोन्ही पावले सारखी सुजली असतील आणि डोके दुखत असेल तर आधी रक्तदाब मोजावा, ती वाट निराळी आहे. वर दिसणारी शिर लाल, कडक आणि दुखरी झाली असेल तर तो उथळ शिरेचा दाह असतो. तो बहुधा निरुपद्रवी असला तरी जांघेच्या जवळ पोहोचला असल्यास सोनोग्राफी हवीच. बैगा-गोंड स्त्रियांच्या पायांवर गोंदण असते, तेथे लाली डोळ्यांना दिसत नाही. हात लावून उष्णता पाहावी लागते. घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांकडून मी एक खूण शिकलो : ‘एका पायातले पैंजण रुतू लागले.’ सुजेचे याहून अचूक वर्णन मला पाठ्यपुस्तकात सापडले नाही.

माझ्या खिशात बाळांच्या डोक्याचा घेर मोजण्याची पट्टी सदैव असते. आता त्याच पट्टीने मी मातेच्या पोटऱ्या मोजतो. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या खाली दहा सेंटिमीटरवर दोन्ही पायांचा घेर घ्यावा. दोन सेंटिमीटर किंवा अधिक फरक असल्यास त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफीसाठी पाठवावे. बालाघाट किंवा गोंदियाला पोहोचण्यास विलंब होणार असेल आणि संशय दाट असेल, तर फिजिशियनच्या सल्ल्याने तपासणीपूर्वीच हेपारिन सुरू करणे योग्य ठरते. डी-डायमर या रक्ततपासणीवर गर्भारपणात आणि ओल्या बाळंतिणीत विसंबू नये, ती एरवीही वाढलेली असते. पहिली सोनोग्राफी निर्दोष आली आणि पाय तसाच सुजलेला राहिला तर आठवड्याच्या आत ती पुन्हा करावी. ओटीपोटातील शिरा त्या तपासणीत नीट दिसत नाहीत.

औषध आणि आईचे दूध

नागपूरला त्या मातेचे उपचार उत्तम झाले, पण तिला कोणीतरी सांगितले की रक्त पातळ करणारे औषध चालू आहे तोवर दूध पाजायचे नाही. बाळ इकडे, आई तिकडे. तिने बारा दिवस दूध काढून फेकून दिले. मला हे सासूबाईंच्या फोनवरून कळले तोवर दूध आटत आले होते.

हा गैरसमज आपल्या व्यवसायातही आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. हेपारिनचा रेणू मोठा असल्यामुळे ते दुधात उतरत नाही. एनॉक्सापॅरिनसारखी त्याची लहान रूपे नगण्य प्रमाणात उतरली तरी बाळाच्या आतड्यातून शोषली जात नाहीत. वॉरफॅरिन रक्तातील प्रथिनांना इतके घट्ट चिकटते की दुधात जवळजवळ येतच नाही. ही औषधे घेणाऱ्या मातेने बाळाला अवश्य पाजावे. मात्र वॉरफॅरिन गर्भारपणात, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, गर्भाच्या नाकाच्या व हाडांच्या वाढीत व्यंग निर्माण करू शकते. त्या काळात हेपारिनच वापरतात. म्हणजे जे औषध पोटातल्या बाळाला घातक, तेच अंगावर पिणाऱ्या बाळाला सुरक्षित. घोटाळा येथूनच उद्भवतो. रिव्हारोक्सॅबान, ॲपिक्सॅबान ही नव्या पिढीची तोंडाने घ्यावयाची औषधे मात्र स्तनपानाच्या काळात टाळावीत. उपचार एकूण किमान तीन महिने आणि प्रसूतीनंतर किमान सहा आठवडे चालतात. अशा स्त्रीस पुढे इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत, तांबी चालते.

ती माता परत आल्यावर आम्ही बाळाला तिच्या छातीशी बांधले, दर दोन तासांनी ओढावयास लावले आणि वाटी-चमच्याने पूरक दूध देत राहिलो. पंधरा दिवसांत दूध पुन्हा उतरले. कांगारू पद्धतीने बाळ छातीशी धरताना आईला रेलून बसता येईल अशी खुर्ची आणि पायांखाली स्टूल असा आग्रह मी तेव्हापासून धरतो. दर तासाला उठून कक्षाबाहेर एक फेरी मारणे आणि तांब्याभर पाणी जवळ ठेवणे, हेही आता बाळाच्या केसपेपरवर लिहितो. परिचारिका प्रथम हसल्या, आता त्याच आठवण करून देतात.

घरी करावयाचे उपाय

हे उपाय साधे आहेत. एका जागी फार वेळ उभे राहू नये. राहावेच लागले तर टाचा वर-खाली कराव्यात. बसल्या बसल्या पाऊल पुढे-मागे हलविले तरी पोटरीचा पंप चालतो. झोपताना डाव्या कुशीवर झोपावे, म्हणजे उजवीकडील महाशिरेवरचा भार हलका होतो. खाटेच्या पायथ्याकडील दोन खुरांखाली एकेक वीट ठेवण्याचा सल्ला मी पूर्वी सरसकट देत असे. पण शेवटच्या महिन्यांत छातीत जळजळणाऱ्या स्त्रीला तो सोसत नाही. तिने पोटऱ्यांखाली उशी घ्यावी.

दाब देणाऱ्या लांब मोज्यांविषयी बरेच उलटसुलट बोलले जाते. २००१ साली स्वित्झर्लंडमधील एका अभ्यासात असे आढळले की गर्भारपणात मोजे वापरल्याने नव्या शिरा फुगणे थांबत नाही, परंतु जांघेतील झडपेची गळती कमी होते आणि पाय जड होणे, ठणकणे यांस उतार पडतो. मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच चढवावेत. सूज आल्यावर चढवून उपयोग नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात ते किती जणी घालतील आणि रोवणीच्या चिखलात त्यांचे काय होईल, हा प्रश्न मला कोणी विचारू नये. क्रेप बँडेज स्वस्त पडते, परंतु ते पावलापासून सुरू करून वर सैल करीत न्यावे लागते. केवळ पोटरीभोवती आवळलेले बँडेज हे दोरीने पाय बांधण्यासारखेच होय, आणि तसे बांधलेले पाय मी पुष्कळ पाहिले आहेत.

रक्तस्रावाविषयी मात्र प्रत्येक घराने जाणून घ्यावे. घोट्याजवळची पातळ झालेली शिर किरकोळ खरचटण्यानेही फुटते आणि रक्त चिळकांडीसारखे उडते. लोक घाबरून त्या स्त्रीला खुर्चीवर बसवतात, हळद किंवा चहाची पूड दाबतात, वर दोरी आवळतात. पाय खाली असेपर्यंत आणि वर दोरी असेपर्यंत शिरेतील दाब वाढतच राहतो. तिला जमिनीवर आडवे करावे, पाय हृदयाहून उंच धरावा आणि स्वच्छ कापड फुटलेल्या जागी बोटांनी दहा-पंधरा मिनिटे दाबून ठेवावे. रक्त थांबते. त्यानंतर दवाखान्यात न्यावे. केवळ बसवून ठेवल्यामुळे अशा साध्या जखमेने माणसे दगावलेली आहेत.

दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची तपासणी होते. ही योजना २०१६ पासून चालू आहे. तेथे जाणाऱ्या आपल्या सदस्यांना माझी एक विनंती आहे. वजन आणि रक्तदाब झाल्यावर तिला उभी करून दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पाहावेत. झोपलेल्या स्त्रीच्या शिरा रिकाम्या होतात आणि दिसत नाहीत.

ती माता नऊ महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाच्या लसीसाठी घेऊन आली होती. बाळाचे वजन चांगले वाढले होते. मी पट्टी काढली तेव्हा तिने, मी सांगण्यापूर्वीच, डावा पाय पुढे केला. घेरातला फरक अजून दीड सेंटिमीटर होता आणि संध्याकाळी पाय जड होतो, असे ती म्हणाली. गुठळीने बिघडलेल्या झडपा पूर्ववत होत नाहीत, हे मी तिला समजावून सांगितले. मोजे चालू ठेवावेत आणि पुन्हा कधी दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना हा सारा वृत्तांत सांगावा, म्हणजे ते हेपारिनची व्यवस्था वेळीच करतील, हेही सांगितले. तिने तो कागद मागून घेतला. मी हिंदीत लिहून दिला, आणि सासूबाईंच्या आग्रहाखातर खाली मराठीतही.